चाकरी आणि समाधान

गेल्या आषाढी वारीत नातेपुत्याच्या मुक्कामी रात्रीचे भजन आटोपून आम्ही राहुटीत आडवे झालो होतो. शेजारी एक गृहस्थ पाय चोळीत बसले होते. वय पन्नाशीच्या आतबाहेर, बोलणे मोजके. दिंडीच्या टँकरवर उभे राहून पाणी वाटण्याचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले होते. विचारपूस करता कळले की, हे एका तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत लिपिक आहेत आणि नोकरीला बावीस वर्षे झाली. बोलता बोलता ते म्हणाले, "माउली, एक कोडं सुटत नाही बघा. पगार वेळेवर होतोय. २००५ च्या आधी लागलो म्हणून पेन्शनही जुनीच आहे. घर झालं, पोरगी शिकली. तरी रात्री अंथरुणाला पाठ टेकली की डोळ्याला डोळा लागत नाही. अन् इथं आठ दिवस फुकट पाणी वाटतोय, तर झोप कशी मेल्यासारखी लागते! हे असं का?"

त्यांना त्या रात्री आम्ही काही उत्तर दिले नाही. सांगण्यासारखे जवळ नव्हते हे एक, आणि हा प्रश्न आमचाही आहे हे दुसरे. आम्हीही एकतीस वर्षे सरकारी चाकरी करून निवृत्त झालो आहोत. वारकऱ्यांत शेतकरी जसे आहेत तसे तलाठी, शिक्षक, पोस्टमन, एस.टी.चे चालक-वाहक, दवाखान्यातल्या परिचारिका असेही पुष्कळ आहेत. ज्यांच्या घरी सरकारी नोकरी नाही त्यांनाही वर्षातून चार वेळा कचेरीची पायरी चढावीच लागते. म्हणून नोकराच्या समाधानाचा हा विचार आपल्या सर्वांच्या कामाचा आहे, असे समजून आम्ही तो येथे मांडीत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'समाधान' हा शब्द आपल्या संप्रदायात मोठा आहे, आणि मोठ्या शब्दाचा गैरवापरही मोठाच होतो. कोणी पोटाला कमी पडते म्हणाला की, "समाधानी असावे बाबा, देवाने दिले ते गोड मानावे," असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. हा उपदेश स्वतःला करावा. दुसऱ्याला, त्यातून आपल्या हाताखालच्या माणसाला, करू नये. गावोगाव फिरणाऱ्या आशा स्वयंसेविका पाहा. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानात हे काम सुरू झाले. बाळंतपणे, लसीकरण, घरोघरची पाहणी, आणि करोनाच्या साथीत तर ज्या दारात नातेवाईक जात नव्हते त्या दारात जाणे, हे सर्व त्यांनी केले. पण नाव 'स्वयंसेविका' आणि हातात पडते ते वेतन नव्हे, मानधन. सेवेचे नाव देऊन कामाचे मोल कमी करावयाचे, आणि वर समाधानाचा उपदेश करावयाचा, हा धर्म नव्हे.

तेव्हा पगार, निवृत्तिवेतन, रजा, बदली या गोष्टी क्षुल्लक आहेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत येणाऱ्यांना जुने निवृत्तिवेतन बंद होऊन अंशदानाची पद्धत आली. म्हातारपणी हातात किती पडेल याचा नेम राहिला नाही. याच प्रश्नावर मार्च २०२३ मध्ये लाखो कर्मचारी आठवडाभर संपावर गेले. त्याआधी २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एस.टी. कामगारांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. मध्ये कार्तिकी आली नि गेली, पुष्कळांची अडचण झाली, रागही आला. परंतु भल्या पहाटे गाडी काढून शेकडो माणसांचे जीव सांभाळीत नेणाऱ्या चालकाला घरखर्चाची तोंडमिळवणी करता येऊ नये, हेही काही भूषणाचे नाही. उपाशी पोटी कीर्तन रंगत नाही, तशीच उपाशी पोटी चाकरीही रंगत नाही.

पण मग आमच्या नातेपुत्याच्या सोबत्याचे काय? त्यांचे पोट भरलेले आहे, म्हातारपणाची सोय आहे. २०२० च्या फेब्रुवारीअखेरीपासून राज्याच्या कचेऱ्यांत पाच दिवसांचा आठवडा झाला, त्यामुळे शनिवारही मोकळा. तरी ते समाधानी नाहीत. येथेच खरा प्रश्न सुरू होतो.

अमेरिकेत फ्रेडरिक हर्झबर्ग म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना विचारले की, कामावर असताना तुम्हाला फार बरे कधी वाटले आणि फार वाईट कधी वाटले, ते सांगा. १९५९ साली त्यांचा ग्रंथ निघाला. त्यातला विचार थोडक्यात असा. पगार, साहेबाची वागणूक, कचेरीचे नियम, बसण्याउठण्याची सोय या गोष्टी वाईट असल्या की माणूस नाराज होतो. पण त्या चांगल्या झाल्या म्हणून तो समाधानी होतोच असे नाही, त्याची तक्रार तेवढी थांबते. समाधान येते ते दुसऱ्या वाटेने: काम तडीस गेले, कोणी त्याची दखल घेतली, कामात रस वाटला, जबाबदारी आपल्यावर सोपवली गेली, अशा गोष्टींनी. साध्या भाषेत सांगायचे तर पायातला काटा काढला म्हणजे दुखणे थांबते; पण तेवढ्याने माणूस पंढरीला पोचत नाही. चालावे लागते ते वेगळेच.

या विचारावर पुढे इतर पंडितांनी एक आक्षेप घेतला, तोही ध्यानात घेण्यासारखा आहे. ते म्हणाले, माणसाचा स्वभावच असा आहे की, चांगले झाले ते माझ्यामुळे आणि वाईट झाले ते साहेबामुळे, असे तो सांगतो. त्याच्या आठवणीवर फार विसंबू नये. आक्षेप खरा आहे. म्हणून आम्ही दुसरा पुरावा घेतो, तो आठवणीचा नसून देहाचा आहे.

विलायतेत लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील सुमारे १८,००० पुरुष कर्मचाऱ्यांची १९६७ पासून वैद्यकीय पाहणी सुरू झाली. ज्या रस्त्यावर तिथली मोठी सरकारी कार्यालये आहेत त्या रस्त्याच्या नावावरून तिला 'व्हाइटहॉल पाहणी' म्हणतात. सर्वसामान्य समजूत अशी की, जबाबदारीचे ओझे साहेबाच्या डोक्यावर, तेव्हा हृदयविकारही साहेबालाच व्हावयाचा. निघाले नेमके उलटे. तळच्या श्रेणीतील निरोपे, दरवान यांच्यात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीच्या घरात होते. मधल्या पायऱ्यांवरही जो जितका खाली तितका धोका अधिक. हे सर्व नोकरीत पक्के होते, उपाशी नव्हते. आणि विडीकाडी, रक्तदाब अशी कारणे वजा केली तरी हा फरक पुष्कळसा उरला. मग १९८५ पासून १०,३०८ स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांची दुसरी पाहणी सुरू झाली. तिच्यातून मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे कारण पुढे आणले त्यातले एक मोठे कारण हे की, स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा नसणे. काम कसे करावे, आधी कोणते करावे, कोठे थांबावे, यात ज्याला काडीचाही अधिकार नाही त्याच्या हृदयाला धोका अधिक.

हे वाचले तेव्हा आम्हाला नातेपुत्याचे सोबती आठवले. दुसऱ्या दिवशी चालताना त्यांनी आपल्या टेबलाची हकीकत सांगितली होती. एकच माहिती चार वरिष्ठ कार्यालयांना चार वेगवेगळ्या नमुन्यांत पाठवायची. ती कोण वाचतो, तिचे पुढे काय होते, बावीस वर्षांत कोणी सांगितले नाही. शेजारच्या दोन जागा रिकाम्या, त्यांचा कार्यभार यांच्याकडे. "चूक झाली की नोटीस येते, माउली. काम बरोबर झालं की काहीच येत नाही." आता टँकरवर काय होते ते पाहा. तहानलेला माणूस समोर येतो, तांब्या भरला जातो, तो पितो, तोंडावरून हात फिरवतो आणि 'माउली' म्हणून पुढे जातो. म्हाताऱ्याला आधी द्यावे की पोराला, हे पाणी देणारा स्वतः ठरवतो. कामाचे फळ डोळ्यांसमोर, आणि कामाची दोरी हातात. एकीकडे या दोन्ही गोष्टी आहेत, दुसरीकडे दोन्ही नाहीत. झोपेतला फरक यातून आला आहे.

परंपरेत नाथमहाराजांची एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या किल्ल्याचे अधिकारी, म्हणजे सरकारी चाकरच. आणि त्यांच्याकडे एकनाथ हिशेबाचे काम पाहात. एका रात्री जमाखर्चात एका पैची चूक लागेना. दिवा लावून बसले. उत्तररात्री चूक सापडली, तेव्हा आनंदाने टाळी वाजली. स्वामी जागे झाले नि म्हणाले, एका पैसाठी एवढी एकाग्रता, ती ईश्वराकडे वळली तर काय होईल! कीर्तनात या गोष्टीचा भर स्वामींच्या बोलण्यावर असतो आणि तो तसाच असावा. परंतु आम्हा कारकुनांना त्या टाळीकडेही पाहिले पाहिजे. त्या पैने एकनाथांचा पगार वाढणार नव्हता. काम चोख झाले, याचाच तो आनंद होता. स्वामींनीही त्या आनंदाला तुच्छ म्हटले नाही. त्याच आनंदाची पुढची वाट दाखविली. ज्याला हिशेबाच्या वहीत मन लावता आले नाही, त्याचे मन देवळात गेल्यावर एकदम लागेल, असा भरवसा कोणी धरू नये.

आता आमचीच एक चूक सांगतो. दुसऱ्याच्या टेबलाबद्दल लिहावे आणि आपल्या टेबलावर पडदा टाकावा, हे बरे नव्हे.

आमच्याकडे काही वर्षे निराधारांच्या अनुदानाचे टेबल होते. एका म्हातारीचे पैसे बंद पडले होते. कारण असे की, रेशनकार्डावर तिच्या नावापुढे 'बाई' लावलेले, आणि बँकेच्या पासबुकात ते नव्हते. ती कचेरीत आली. आम्ही म्हटले, "आजी, पुढच्या सोमवारी या." ती पुढच्या सोमवारी आली. आम्ही पुन्हा तेच म्हटले. असे तीनदा झाले. यात आम्ही नियमाबाहेर काही केले नव्हते, लाच मागितली नव्हती, आवाजही चढवला नव्हता. फक्त ढीग मोठा होता, आणि तिचा कागद ढिगात खाली होता.

पुढे निवडणुकीच्या कामावर आमची नेमणूक एका लहान गावी झाली. आदल्या रात्री शाळेत मुक्काम. संध्याकाळी एक म्हातारी पितळीत दोन भाकरी, पिठले आणि कांदा घेऊन आली. पाहतो तर तीच. आम्हाला ओळखून म्हणाली, "तुमी कचेरीतलं सायब न्हवं का? माजं काम हुतंय म्हनला हुता. जेवा, दमला असाल." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते. मग सहज बोलताना कळले की, तीन महिने दुकानदाराकडे उधारी चालली आहे, आणि कचेरीच्या तीन खेपांना एस.टी.चे भाडे शेजारणीकडून उसने घेतले आहे. ती भाकरी आमच्या घशाखाली उतरली ती कशी, ते आमचे आम्हाला ठाऊक.

कचेरीत परत येताच आम्ही तो कागद वर काढला. तलाठ्याचा दाखला मागविला, तिचे स्वयंघोषणापत्र जोडले, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याची टिपणी लिहिली, आणि साहेबांसमोर उभे राहून सही घेतली. सगळे मिळून एका दुपारचे काम! नियम तोच, ढीग तोच, अधिकार तेवढाच. बदलले होते एवढेच की, त्या कागदाला आता चेहरा होता. एकतीस वर्षांत वेतनवाढी पुष्कळ मिळाल्या, बढतीही मिळाली. पण त्या दुपारी घरी जाताना जे वाटले ते पुन्हा थोड्याच वेळा वाटले. आणि त्यासोबतच एक बोचणीही घरी आली, ती अजून गेलेली नाही: आधीच्या तीन सोमवारांचे काय?

हा केवळ आमच्या मनाचा खेळ नव्हे. अमेरिकेत एका विद्यापीठासाठी दूरध्वनीवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांवर ॲडम ग्रँट यांनी केलेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. त्या देणग्यांतून ज्याला शिष्यवृत्ती मिळाली होती अशा एका विद्यार्थ्याशी काही जणांची केवळ पाच मिनिटे भेट घडविली. महिन्यानंतर पाहिले, तर ते दूरध्वनीवर पूर्वीच्या दुपटीहून अधिक वेळ काम करीत होते. पगार वाढविला नव्हता. कोणासाठी करतो, ते पाहिले होते.

येथे कोणी शंका घेईल, "चेहरा पाहून काम करू लागलो, तर ओळखीच्याचे आधी आणि बिनओळखीच्याचे मागे असे होईल. नियमाला डोळे नसतात तेच बरे." शंका योग्य आहे. नियम हा गरिबाचा आधार आहे, कारण वशिला श्रीमंताकडेच असतो. राज्याच्या बदल्यांच्या २००५ च्या कायद्यातच असे घातले आहे की, कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहू नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरलेल्या मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला दंडही सांगितला. हे सर्व हवेच. पण नियमाच्या चौकटीत वीतभर मोकळी जागा नेहमी असते. 'पुढच्या सोमवारी या' म्हणावयाचे की 'बसा, आत्ताच पाहतो' म्हणावयाचे, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नसते. आमच्या मते चाकरीतले समाधान त्या वीतभर जागेतच राहते. ती जागाच नाही असे म्हणणारा नोकर स्वतःची फसवणूक करतो. आणि ती जागा नोकराकडून हिरावून घेणारा वरिष्ठ, त्याचे समाधान आणि लोकांचे काम दोन्ही बुडवितो.

मंगळवेढ्याचे दामाजीपंत हेही सरकारी अधिकारीच. दुष्काळात त्यांनी बादशहाच्या कोठारातले धान्य लोकांना वाटले, आणि मग विठुरायाने महाराच्या रूपात बिदरला जाऊन त्याची रक्कम भरली, अशी कथा आहे. आज कोणी अधिकाऱ्याने हुकमाशिवाय कोठार उघडावे असे आम्ही सांगत नाही. तो ज्याचा त्याच्या काळजाचा प्रश्न आहे. पण एवढे पाहावे की, दामाजीपंतांनी धान्य चोरून स्वतःच्या घरी नेले नाही, आणि परिणाम भोगण्याची तयारी ठेवली. वरकमाई करणाऱ्याची वीतभर जागा उलट्या कामी लागते. त्याच्या घरी फर्निचर येते, पण दारावर थाप पडली की छातीत धस्स होते. त्याला समाधान कोठले? ज्या लोकांची तोंडे पाहून सुख व्हावे, त्यांच्याच तोंडांची त्याला भीती वाटते.

एवंच, तिघांनी तीन गोष्टी कराव्यात. सरकारने पोटाचा आणि म्हातारपणाचा प्रश्न सोडवावा, रिकाम्या जागा भराव्यात, आणि तळच्या माणसालाही त्याच्या कामात काही ठरविण्याचा अधिकार द्यावा; त्याने पाठविलेल्या माहितीचे पुढे काय झाले हे त्याला कळवावे. नोकराने आपल्या ढिगातल्या कागदामागे एक माणूस आहे, हे रोज एकदा तरी आठवावे. आणि आपण, म्हणजे खिडकीच्या अलीकडे उभे राहणारे? आपणही काही कमी नाही. दिंडीत ज्याला माउली म्हणतो, त्यालाच कचेरीत 'फुकटचा पगार खाणारा' म्हणतो. कागद अपुरे नेतो आणि आवाज मोठा नेतो. काम लवकर व्हावे म्हणून नोटेची घडी आपणच पुढे करतो. अन्याय झाला तर लेखी तक्रार जरूर करावी, त्यात भिडेचे काही कारण नाही. पण काम झाले तर परत खिडकीशी जाऊन, "तुमच्यामुळं झालं हो," एवढे सांगून यावे. बावीस वर्षांत ज्याला केवळ नोटिसा आल्या त्याच्या घरी त्या एका वाक्याने काय पोचते, हे आम्ही खिडकीच्या पलीकडे बसून पाहिले आहे.

वाखरीला दिंड्यांची गर्दी झाली, तेव्हा नातेपुत्याच्या सोबत्यांचा निरोप घेतला. हे सर्व त्यांना इतक्या क्रमाने सांगता आले नाही. चालता चालता जमेल तेवढे सांगितले. थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "परत गेल्यावर त्या चार नमुन्यांचा एकच नमुना करावा, असा प्रस्ताव लिहून देतो. बघू. साहेबांनी फेटाळला तर?"

आम्ही म्हटले, "फेटाळला तर पुढच्या वर्षी पुन्हा द्या. वारी काय आपण एकदाच करतो?"

ते हसले, पाया पडले, आम्हीही त्यांच्या पाया पडलो, आणि ते टँकरकडे गेले. माणसे तहानलेली होती.

रामकृष्णहरी.